उचलपथक

मला वर न्यायला चार मुली लागतात, हे खरं आहे. पण मला वर न्यायलाच हवं, हे कुणी ठरवलं, ते मात्र कुणी सांगत नाही. विचारलं की सगळे असे बघतात, जणू मी सूर्य पूर्वेलाच का उगवतो असं विचारलंय.

आमच्या शाळेला तळमजला आणि वर दोन मजले. जिना एकच, अरुंद, मधे वळण घेणारा. आठवी-नववी तळमजल्यावर, कारण ती पोरं वांड आणि मोठ्या बाईंचं ऑफिस तिथेच. पाचवी ते सातवी पहिल्या मजल्यावर. आणि दहावी सगळ्यात वर, दुसऱ्या मजल्यावरच्या एकुलत्या एक लांबलचक वर्गात. का, तर अभ्यासाला शांतता मिळावी. खरं कारण वेगळंच आहे. शाळा बांधली तेव्हापासून दहावी वर बसते आणि तो मान झाला आहे. पाचवीतल्या पोराला विचारा मोठेपणी काय करणार, तर सांगेल, वर बसणार. वर वारा येतो, खिडकीतून अख्खा रस्ता दिसतो आणि मोठ्या बाईंची नजर तिथवर पोचत नाही. एवढ्यासाठी माणसं पाच-पाच वर्षं वाट बघतात.

माझे पाय जन्मापासून संपावर आहेत. हात मात्र बाबांवर गेलेत. बाबा वेल्डर आहेत, त्यांच्या हातांत लोखंड वाकतं. मी चाकाची खुर्ची स्वतः चालवते. या शाळेत मी आठवीतच आले आणि आठवी-नववीची दोन वर्षं मी कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी काढली. मुलींचं स्वच्छतागृह तळमजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला. बाबांनी मोठ्या बाईंची परवानगी काढून तिथे भिंतीला एक आडवा पाइप बसवून दिला होता. तो धरला की माझं मी सगळं करायचे. कुणाला सांगायला नको, कुणाची वाट बघायला नको. एवढ्याशा गोष्टीत केवढं सुख असतं, ते गेल्याशिवाय कळत नाही.

दहावीच्या पहिल्या दिवशी बाबांनी मला पाठीवर घेऊन दोन मजले चढवले. वर पोचल्यावर त्यांनी वर्गशिक्षिकांना विचारलं, "बाई, यांचा वर्ग खाली नाही का बसवता येणार?"

बाई म्हणाल्या, "दहावी वरच बसते हो."

झालं, विषय संपला. वर्गातल्या निम्म्या तोंडांवरचा रंग मात्र त्या एका प्रश्नाने उडाला होता. आत्ता कुठे वर आलो आणि ही आपल्याला खाली नेते की काय, हे त्या तोंडांवर स्वच्छ लिहिलेलं होतं.

मग आमची मॉनिटर उभी राहिली. ही बाई जन्मजात मॉनिटर आहे. जन्माला येतानासुद्धा हिने दवाखान्यातल्या बाळांना रांगेत झोपायला सांगितलं असणार. ती म्हणाली, "काका, तुम्ही काळजी करू नका. आम्ही आहोत ना! आपण सगळे मिळून हा प्रश्न सोडवू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण वेगळ्या कारणाने. कारण हा प्रश्न म्हणजे मी, हे तेवढ्यात ठरून गेलं होतं.

मधल्या सुट्टीत बैठक झाली. ऑफिसातली हात असलेली जड लाकडी खुर्ची मागून आणली गेली. माझी चाकाची खुर्ची जिन्याखाली ठेवायची, मला लाकडी खुर्चीत बसवायचं आणि चौघींनी चार पाय धरून वर न्यायचं. पुढे मॉनिटर आणि पैलवान, मागे जुळ्या. पैलवान म्हणजे माझी आठवीपासूनची मैत्रीण. गोळाफेकीत तालुक्यात पहिली येते, बोलते मात्र गोळा फेकल्यासारखं, दिवसातून एक-दोनदा. आणि जुळ्या या सख्ख्या जुळ्या बहिणी, डावी बाजू कुणाची यावरून दररोज भांडणाऱ्या. कागदोपत्री नाव ठरलं सहकार्य पथक. पोरांनी त्याच दिवशी त्याचं उचलपथक केलं.

"एक, दोन, तीन, उचल!" मॉनिटर ओरडायची आणि मी अधांतरी.

अधांतरी म्हणजे काय ते ज्याला कुणी उचललेलं नाही त्याला नाही समजायचं. तुमचं सगळं वजन दुसऱ्यांच्या बोटांत. वळणावर खुर्ची तिरकी व्हायची, मागची जुळी पुढच्या पायरीवर अडखळायची, "अगं, धर नीट!" "तू धर नीट!" आणि मी मधे दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट पकडून देवाचं नाव घेतेय. खालून पाचवीची पोरं टाळ्या पिटायची. एक दिवस कुणीतरी "महाराणी आल्या" म्हणालं. मी त्या पोराकडे असं बघितलं की ते बिचारं दुसऱ्या दिवशी आलंच नाही. ताप आला होता म्हणे. मला तेवढंच बरं वाटलं.

पण खरा घोळ वर पोचल्यावर सुरू व्हायचा. वर एकदा बाकावर बसवलं की मी तिथेच. चाकं खाली, स्वच्छतागृह खाली. खाली जायचं तर चौघींना उठवायचं, त्यांचा तास बुडवायचा, अख्ख्या वर्गाला कळवायचं की हिला लागली आहे. पहिल्या आठवड्यात मी एकदा सांगितलं. मॉनिटरने लगेच उठून जाहीर केलं, "सर, सहकार्य पथकाला परवानगी द्या, हिला जायचंय." मुलांच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मला वाटलं, धरणीने दुभंगून पोटात घ्यावं. धरणीसुद्धा दोन मजले खाली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी बंद केलं. सकाळी उठल्यापासून घरी परत येईपर्यंत एक घोट नाही. दुपारनंतर डोकं ठणकायचं, फळ्यावरची अक्षरं नाचायची. गणित हा माझा हातचा विषय, तोच शेवटच्या तासाला असायचा आणि तोच घसरायला लागला.

घरी मी तोफ डागली. आई शिवणयंत्रावर कुणाचातरी पडदा शिवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मुली स्वतःचे खांदे दुखवून नेतायत आणि तुझी तक्रार संपत नाही. धर्माची गाय आणि दात का नाय!"

"आई, मला गाय नकोय. मला खालचा वर्ग हवाय."

"तू एकटी आहेस, ते चाळीस आहेत. कळतंय का? गप बस जरा. उद्या नाही म्हणाल्या त्या, तर काय करशील?"

हाच तर घोळ होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ओरडावं तर मी कृतघ्न, गप्प बसावं तर मूत्रपिंडं आहेतच बोंबलायला. आणि ती बोंबललीच. एके दिवशी थंडी वाजून ताप भरला, पाठीत कळा आल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्याऐवजी आईकडे बघून विचारलं, "ही दिवसभर पाणी पीत नाही का?" आईने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी तिने यंत्र उघडलंच नाही.

रात्री बाबा माझ्या पलंगाशी बसले. म्हणाले, "बाळा, सहामाहीपर्यंत बघू. तोवर खालचा वर्ग झाला तर ठीक. नाहीतर तू घरी बस. घरी अभ्यास कर, परीक्षा बाहेरून दे. असलं शिक्षण नको मला."

"बाबा, शाळा सोडू मी?"

"शाळेपेक्षा तू महत्त्वाची आहेस."

बाबांशी वाद घालता येत नाही. ते ओरडत नाहीत, तीच पंचाईत. घरी बसायचं म्हणजे मला ठाऊक होतं काय ते. आईचं यंत्र, भिंतीवरचं घड्याळ आणि मी. पैलवान पहिले दोन आठवडे येईल, मग तीही येणार नाही. मी ठरवलं, काही झालं तरी वर्ग खाली आणायचा.

खोलीही होती. तळमजल्यावर ग्रंथालयाला लागून चांगली लांबरुंद खोली आहे. तिच्यात मोडके बाक, गळके ड्रम आणि कधीकाळच्या नाटकाचे पडदे कोंबले होते. तिला सगळे भंगाराची खोली म्हणतात. आमचा वर्ग तिच्यात आरामात मावला असता.

आधी मी गणिताच्या सरांना गाठलं. सर दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत गुडघे धरून तीनदा थांबतात. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "अगं, खाली वर्ग झाला तर मी पेढे वाटीन. पण माझं नाव घेऊ नकोस हं." वर्गशिक्षिकांना विचारलं, त्या म्हणाल्या, "मलाही पटतं गं, पण माझं नाव मधे आणू नकोस." ग्रंथपाल म्हणाले तेच. अख्ख्या शाळेला पटत होतं आणि अख्ख्या शाळेला स्वतःचं नाव नको होतं. शेवटी मी माझंच नाव घेऊन मोठ्या बाईंच्या दारात गेले.

मोठ्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत. वाईट असत्या तर भांडायला सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "तुझं म्हणणं रास्त आहे. पण आत्ताच का? आपलं सहकार्य पथक स्पर्धेला गेलंय ना!"

"कसली स्पर्धा?"

"तुला सांगितलं नाही मॉनिटरने? 'शाळेचे प्रश्न, मुलांची उत्तरं'. सगळ्या शाळांमधून प्रकल्प गेलेत. परीक्षक पुढच्या महिन्यात प्रत्यक्ष बघायला येणार आहेत. आता मधेच वर्ग खाली आणला तर ते बघणार काय?"

मी म्हटलं, "बाई, म्हणजे उत्तर दाखवायचंय म्हणून प्रश्न ठेवायचा?"

त्या हसल्या. "किती छान बोलतेस! हेच बोल त्यांच्यासमोर."

तळपायाची आग मस्तकात गेली असं म्हणतात. माझ्या तळपायाला काही जाणवत नाही, तरी त्या दिवशी आग निघाली ती तिथूनच. मी खुर्ची गर्रकन वळवली आणि जिन्याखाली मॉनिटरला पकडलं.

"मला न विचारता माझा प्रकल्प केलास?"

ती गोंधळली. खरोखरच गोंधळली. "तुझा कुठे? आमचा आहे. आम्ही चौघी रोज अर्धा तास लवकर येतो. वाळूची पोती खुर्चीत ठेवून सराव केलाय आम्ही, माहितेय? वळणावर कुणी कुठला पाय आधी टाकायचा ते बसवलंय."

"मला पोतं नकोय व्हायला. मला खालचा वर्ग हवाय."

"आणि चाळीस जणांनी खाली यायचं? तुझ्या एकटीसाठी? आम्ही एवढं करतोय ते दिसत नाही तुला?"

"तुम्ही एवढं करताय म्हणूनच तर कुणाला काही करावंसं वाटत नाही!"

तिचा चेहरा पडला. ती म्हणाली, "तू ना, कुणाचं चांगलं बघूच शकत नाहीस." आणि निघून गेली. पैलवान बाजूलाच उभी होती. तिने मनगटावर पट्टी बांधली होती. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "काही नाही." मग पट्टी आवळत म्हणाली, "गोळा सुटतोय हातातून. खुर्चीच्या वजनाने." आणि तीही वर गेली. तिची स्पर्धा जवळ आली होती. म्हणजे माझं भलं होत नव्हतं, तिचं होत नव्हतं, सरांचे गुडघे तर आहेतच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसा हा सगळा कारभार चालला होता.

परीक्षक आले. दोन पुरुष आणि एक बाई. जिना धुतला होता, कठड्याला रंग दिला होता, तो माझ्या कोपराला लागला. मॉनिटरने इस्त्रीचा गणवेश घातला होता आणि जुळ्यांनी त्या दिवसापुरतं भांडण मिटवलं होतं. "एक, दोन, तीन, उचल!" मी अधांतरी. वळणावर एकीचाही पाय चुकला नाही. परीक्षकांतल्या बाईंनी मोबाइल काढून सगळं चित्रित केलं.

वर बसवल्यावर त्या माझ्याशेजारी वाकल्या. "बाळ, तुला काय वाटतं, सांग ना."

मी महिनाभर घोकलेलं बोलले. न रडता, एकदम स्पष्ट. "मला हे नको आहे. मला स्वतःला फिरता येतं. तळमजल्यावर रिकामी करता येईल अशी खोली आहे. आमचा वर्ग तिथे आणला तर कुणालाच उचलावं लागणार नाही. मला दिवसभर पाणी पिता येत नाही. मी त्यामुळे आजारी पडले. सहामाहीपर्यंत खोली मिळाली नाही तर मी शाळा सोडणार आहे."

मला वाटलं, झालं काम. त्या बाईंचे डोळे पाणावले. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि बाकीच्या परीक्षकांना म्हणाल्या, "बघितलंत? किती आत्मविश्वास दिलाय या मैत्रिणींनी हिला! अशी मुलगी आपल्यासमोर एवढं बोलते!"

आणि टाळ्या. पालथ्या घड्यावर पाणी, तेही मीच ओतलेलं.

आमच्या शाळेला पहिलं बक्षीस मिळालं. मोठ्या बाईंनी ते सकाळच्या परिपाठाला सगळ्यांसमोर उघडलं. मॉनिटरला वाटलं असेल चषक, मला वाटलं पुस्तकं. निघाली खुर्ची. खास बनवून घेतलेली, हलकी, उचलायला चार बाजूंना चार दांडे, माझ्या छातीला आणि गुडघ्यांना बांधायला लाल पट्टे. वर मऊ गादी. बांधायला पट्टे! म्हणजे आता मी हललेही नसते. पोरांनी जल्लोष केला. मी बाबांचा विचार करत होते. सहामाही दोन आठवड्यांवर आली होती आणि ही खुर्ची दहा वर्षं टिकेल अशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्ची जिन्याच्या पायथ्याशी तयार ठेवलेली होती. पथक चारी बाजूंना उभं. घंटा झाली होती, तरी सगळी शाळा नवी खुर्ची बघायला मागे थांबलेली. मॉनिटर माझ्याशी बोलत नव्हती, पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. तिने मान हलवून खुणावलं, बस.

मी त्या नव्या खुर्चीला वळसा घालून माझी खुर्ची पहिल्या पायरीला लावली. ब्रेक ओढला. जिन्याकडे पाठ केली, मागच्या पायरीवर हात टेकले आणि अंग उचलून खाली पायरीवर बसले. मग दोन्ही हातांनी पाय ओढून घेतले. मग मागची पायरी. हात टेक, अंग उचल, पाय ओढ. मग त्याच्या मागची.

"काय करतेयस तू?" मॉनिटर म्हणाली.

"वर जातेय. वर्ग वर आहे ना?"

मला कुणाला प्रेरणा द्यायची नव्हती. मला उशीर करायचा होता. सगळ्यांना. जिना अरुंद, मी मधोमध आणि माझे पाय आडवे. माझ्यामागे पथक, पथकामागे दहावी, दहावीमागे पाचवी ते सातवी, त्यांच्यात अडकलेले गणिताचे सर. जो तो मान वर करून माझ्याकडे बघत होता. स्कर्ट मळला, तळहाताला खडी टोचली, घाम डोळ्यांत गेला. खालून कुणीतरी टाळी वाजवली. मी थांबले आणि म्हटलं, "ज्याने टाळी वाजवली त्याने वर ये. माझे हात मोकळे आहेत." पुन्हा टाळी आली नाही.

पाचवीतली एक चिमुरडी कठड्यातून डोकं घालून म्हणाली, "ताई, तू रोज अशीच जाणार?"

"हो."

"मग आम्ही कधी जाणार?"

"माझ्यानंतर."

तिने मागे वळून आपल्या मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने तिच्या मागच्याला, आणि ते असं करत करत ऑफिसपर्यंत पोचलं असावं, कारण मोठ्या बाई गर्दीतून वाट काढत आल्या. मी तेव्हा वळणावर होते. अजून पाऊण जिना बाकी होता.

"हे काय चाललंय? पहिला तास संपत आला! अगं, उचला तिला! बघत काय बसलात?"

मॉनिटर नवी खुर्ची घेऊन वळणावर आली. जुळ्या मागे. पैलवान पुढे. मॉनिटर वाकली, म्हणाली, "एक..."

पैलवानने हात मागे घेतले. "ती नको म्हणतेय."

"कधी म्हणाली?"

"पहिल्या दिवसापासून म्हणतेय. आपणच उचलत सुटलोय."

पैलवानचं एवढं लांब भाषण शाळेने कधी ऐकलं नव्हतं. जुळ्यांपैकी एकीने हात सोडला. लगेच दुसरीनेही सोडला, कारण तिला मागे राहायचं नसतं. मॉनिटर एकटीच वाकलेली राहिली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. तिने माझ्या तळहातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागाने की रडू येत होतं म्हणून, सांगता येत नाही.

"मग आम्ही एवढे दिवस काय केलं गं?"

याला काहीतरी मोठ्या मनाचं उत्तर द्यायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी फार दमले होते आणि फार चिडले होते. मी म्हटलं, "व्यायाम."

ती सरळ उभी राहिली. मला वाटलं, आता ही एक तर मला ढकलणार नाहीतर घरी जाणार. तिने डोळे पुसले, मागे वळली आणि तिच्या त्या घंटेसारख्या आवाजात ओरडली, "दहावी! मागे फिरा! दप्तरं ग्रंथालयात ठेवा. चार-चार जणांचे गट. भंगाराची खोली रिकामी करायची आहे, आत्ता!"

मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, अगं, कुणाला विचारून?"

"बाई, शाळेचे प्रश्न, मुलांची उत्तरं," मॉनिटर म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. तिला थट्टा येतच नाही.

मोठ्या बाईंनी वर बघितलं, खाली बघितलं. जिन्यावर दीडशे मुलं आणि मधे मी, उठायचं नाव न घेणारी. गणिताचे सर गर्दीतून म्हणाले, "तात्पुरता बसवू या की खाली, बाई. माझं नाव... घ्या हवं तर." बाईंनी सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "तात्पुरता. सहामाहीपर्यंत."

म्हणजे सहामाहीनंतर पुन्हा तीच लढाई. हे बाबांना पुरेल की नाही, ते मला माहीत नव्हतं. मी त्यांना संध्याकाळी सगळं सांगितलं. ते बराच वेळ माझे सोललेले तळहात बघत बसले आणि म्हणाले, "ठीक आहे. जा उद्या."

नव्या वर्गाला ओल आहे. एकच खिडकी आणि तिच्यातून दिसतो तो सायकलींचा तळ. वारा नाही. आठवीतली पोरं दारातून तोंडं वेडावून जातात, कारण दहावीला त्यांच्या पंगतीत आणून बसवलेलं त्यांना दिसतंय. मुलांची रांग माझ्याशी बोलत नाही. "हिच्यामुळे वरचा वर्ग गेला," असं मला येताजाताना ऐकवलं जातं, आणि ते खोटंही नाही. मॉनिटर हजेरी घेताना माझं नाव घेते, तेवढंच. पैलवान बोलते, पण ती मुळात किती बोलणार!

तिसऱ्या दिवशी शेवटचा तास गणिताचा होता. सर फळ्यावर एक लांबलचक उदाहरण सोडवत होते. मी बाटलीतलं पाणी पिऊन संपवलं होतं. मी हात वर केला.

"सर, जाऊन येऊ?"

"हं," सर फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले.

मी ब्रेक सोडला आणि गेले. कॉरिडॉर रिकामा होता. चाकं वाजत होती, तेवढाच आवाज. परत आले तेव्हा सगळ्यांच्या माना वह्यांत होत्या. दार वाजलं तरी कुणी वर बघितलं नाही, मॉनिटरनेसुद्धा नाही. उदाहरण दोन पायऱ्या पुढे गेलं होतं. मी शेजारणीच्या वहीत डोकावून त्या उतरवून घेतल्या.